दुसरी सीडी

पुरण निम्मं वाटून झालं होतं, आणि बाहेरच्या खोलीतून जोतिरामच्या हाका काही थांबत नव्हत्या.

"अगं ये की! पुरण काय उठून चाललंय व्हय? पिक्चर सुरू झाला!"

केराबाईने हात धुतले आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बसणार मात्र नव्हती. कटाची आमटी अजून फोडणीला टाकायची होती, पोळ्या लाटायच्या होत्या, आणि बिरोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिची पाठ भिंतीला टेकत नसे.

तिचा मुलगा अमृत खास आजच्यासाठी पुण्याहून आला होता. त्याने फोन टीव्हीला जोडला होता आणि बापाकडे असा बघत होता, जसं काही यात्रेतून खेळणं त्यानेच बापासाठी आणलंय. सोफा रिकामा ठेवून मायाप्पा, जोतिरामचा धाकटा भाऊ, खाली चादरीवर बसला होता. पटका सोडून त्याने गुडघ्यावर ठेवला होता. त्याची बायको नागव्वा शेजारीच पाय लांब करून बसली होती. गावाकडनं येताना एसटीत उभं राहून तिचे गुडघे धरले होते. लेक प्रियंका दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. फोन मांडीवर पालथा.

"वैनी, बसा की," मायाप्पा म्हणाला.

"हितनं दिसतंय मला, भावजी."

आज रविवार. केराबाईचा रविवार म्हणजे अळणी. प्रियंकाला वकिलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षी ती वाडीतल्या बिरोबापुढं भंडारा उधळून बोलून आली होती : पोरीचं नाव शहरातल्या मोठ्या वकिलाच्या पाटीवर लागेस्तोवर रविवारी मीठ तोंडाला लावणार न्हाय. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. पोरगी पास झाली, सनद मिळाली, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसायला लागली, तरी अळणी सुटलं नाही, कारण बोललं होतं ते पाटीचं. आणि गेल्या आठवड्यात जिल्ह्यातले सगळ्यात मोठे वकीलसाहेब स्वतः प्रियंकाला ऑफिसात बोलावून, चहा पाजून म्हणाले होते, या आमच्याकडे. पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव लावू. त्या संध्याकाळी जोतिरामने फोनवर फोन लावले. बोलून बोलून घसा बसला तेव्हा खुणेने बायकोला म्हणाला, आता उद्यापन.

आणि उद्यापनाच्या दिवशी 'वकिलाचा पिक्चर' बघायचा, हे अमृतने ठरवलं. पिक्चरचं खरं नाव घरात कुणालाच कधी नीट सांगता आलं नाही. दक्षिणेकडचा होता, हिंदीत डब केलेला. जोतिराम रेल्वेत होटगीला होता तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात मायाप्पाची मेंढरं जवळच्याच रानात बसायला आली होती. भाऊ भेटायला येणार म्हणून जोतिरामने दुकानातून सीडीचं मशीन भाड्याने आणलं, सोबत एक पिक्चर आणला. क्वार्टरमध्ये सगळे दाटीवाटीने बसले. गरिबाचा पोरगा वकील होतो, मोठा साहेब त्याला हाताशी धरतो, आपल्या हाताने काळा कोट चढवतो, बंगला होतो, आणि आई बंगल्याच्या दारात लेकाला ओवाळते. जोतिराम त्या दिवशी जेवलाच नाही. शाळकरी प्रियंकाला जवळ ओढून म्हणाला होता, "तुला वकील करतो बघ." या घरात लग्न असो की बारसं, ही गोष्ट एकदा तरी निघायचीच.

"आता बघ, आता बघ!" जोतिराम आताही पुढे सरकला होता. "साहेब गाडीतनं उतरंल. लई रुबाब. छत्री धरंल पोराच्या डोक्यावर."

साहेब उतरला. छत्री धरली.

"म्हणलं न्हवतं!"

"दादा, तुमी बोलला की त्याचं बोलणं ऐकू येईना," मायाप्पा हळूच म्हणाला.

"त्याचं बोलणं मला पाठ हाय. तुला काय पायजे ते इचार."

नागव्वा हसली. केराबाईही हसली. हसता हसता तिची नजर लेकीकडे गेली. प्रियंका हसत नव्हती. टीव्हीकडे बघत होती खरी, पण ऊन लागलेलं माणूस सावलीकडे बघतं तसं नाही, सावलीतलं माणूस उन्हाकडे बघतं तसं.

कोट चढवला. बंगला झाला. आईने ओवाळलं, गाणं लागलं, आणि जोतिरामने टाळी वाजवली तशी सगळ्यांनीच वाजवली. नागव्वाने पदराने डोळे पुसले. "यव्वा, किती गुणाचं पोरगं!"

"संपला," जोतिराम गुडघ्यावर हात देत उठला. "चला, निवद दावा. पानं घ्या."

"अप्पा, बसा," अमृत म्हणाला. "मध्यांतर आहे हे."

"कशाचं मध्यांतर? संपला की."

"अजून निम्मा आहे. हे बघा, खाली दाखवतंय."

जोतिराम टीव्हीजवळ गेला, खालच्या रेघेवर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथंच राहिलं.

"अप्पा, तेव्हा कव्हरात सीड्या किती होत्या?"

"एक. एकच घातली की आत मी."

"पिक्चरच्या दोन असायच्या तेव्हा. दुसरी पहिलीला चिकटून बसली असणार कव्हरात."

मग मायाप्पाच्या पोटातून हसू फुटलं. "म्हंजे दादा, आमाला आन सगळ्या पै-पावण्यांना निम्माच पिक्चर सांगत फिरला व्हय तुमी?"

"मला काय म्हाईत?" जोतिराम चिडला. "ओवाळलं, गाणं झालं. आनिक काय पायजे पिक्चरला?"

सगळे हसले. हसू ओसरलं तेव्हा नागव्वा म्हणाली, "लाव की मग पुढचा. बघू तरी त्याची बायको कशी हाय."

आमटी राहिली ती राहिलीच. केराबाई दारातून हलली नाही.

पुढचा पिक्चर वेगळाच निघाला. पोरगा एक केस जिंकला, आणि त्या रात्री त्याच्या धाकट्या भावाने फोन उचलून विचारलं, कोण बोलतंय? चेष्टा नव्हती. भाऊ त्याला खरंच विसरला होता. दुसरी केस जिंकला, बायकोने पलंगावरून उठून भिंतीचा आधार घेतला, घरात परका पुरुष आला म्हणून. तो जिंकत गेला, आणि घरातलं एकेक माणूस त्याला विसरत गेलं. तो साहेबाकडे धावला. साहेब शांत. आरशासमोर उभा होता आणि आरशात नुसती भिंत दिसत होती. म्हणाला, मी काय केलं? सगळ्या कागदांवर सही तुझीच आहे, माझी एक तरी दाखव.

"भूत हाय ग ते," नागव्वा कुजबुजली.

"गप," मायाप्पा म्हणाला.

मग बंगल्याचं तेच दार. तीच आई. लेक पायऱ्या चढून आला, आणि आईने दार उघडून मऊ आवाजात विचारलं, कोण पाहिजे बाळा? तो बोलेना. तेव्हा ती आत गेली आणि पाहुण्याला द्यावं तसं तांब्याभर पाणी घेऊन आली.

केराबाईने दाराची चौकट धरली. ती बाई रागावली असती, हाकललं असतं, तर सोसलं असतं. पण पाणी दिलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रियंका उठली, आईच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या गॅलरीत पाण्याच्या पिंपांजवळ जाऊन उभी राहिली. नळाला पाणी परवा येऊन गेलं होतं, पिंपं अजून भरलेली होती. केराबाई मागोमाग गेली.

"काय झालं ग?"

"काही नाही."

केराबाईने पुन्हा विचारलं नाही. एका पिंपावरचं झाकण तिरकं होतं, ते नीट केलं. तिला ठाऊक होतं, या पोरीला विचारलं की ती वकील होते, आणि गप्प राहिलं की लेक.

"आई, मला बोलावलं ते साहेब सोलर कंपनीचे वकील आहेत."

"कंची कंपनी?"

"वाडीच्या गायरानावर कुंपण घालतीये ती."

केराबाईला समजायला थोडा वेळ लागला. गायरानाची केस म्हणजे मायाप्पाची केस. वाडीतल्या सगळ्या मेंढकरांची. चराईचं रान आणि डोंगराकडं जायची वाट, दोन्ही कुंपणात चालली होती, आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभी राहिली होती ती प्रियंका.

"मग त्यांच्याकडं गेलीस तर..."

"काकांची केस सोडावी लागंल. दोन्हीकडं राहता येत नाही, नियमच आहे. साहेब वाईट बोलले नाहीत ग. फार नीट बोलले. म्हणाले, तुमच्या पक्षकाराची संमती घ्या, दुसरा वकील बघून द्या, मग या."

"मिळंल दुसरा?"

"मिळंल. पण बुधवारी काकांची साक्ष आहे. नवा माणूस आला की तारीख मागणार. तारखा पडत राहतील, आणि तोवर कुंपण पुरं होऊन जाईल."

"आणि हे तू मला आज सांगतीस?"

"सांगायला आले तेव्हा तू हरभऱ्याची डाळ आणायला निघाली होतीस. आनंदात होतीस." प्रियंकाने ओठ चावला. "आई, दर रविवारी तू माझ्यासमोर अळणी जेवतीस. माझ्या ताटात मीठ, तुझ्यात नाही. मला घास गिळवत नाही. वाटतं, एवढं एक झालं की सुटली माझी आई."

इतके दिवस केराबाईला वाटत होतं, नवसाचा भार तिच्या एकटीच्या जिभेवर आहे. देवाशी केलेला करार पोरीच्या पाठीवर जाऊन बसला होता, आणि ती स्वतः समोर बसून तृप्त मनाने जेवत होती.

"काय सोडायची म्हणलीस?"

नागव्वा स्वयंपाकघरात उभी होती. पाणी प्यायला आली असावी, हातात रिकामा पेला होता. तो तिने ओट्यावर आपटला आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, ऐका. तुमची वकील चालली कंपनीच्या वकिलाकडं."

अमृतने टीव्ही थांबवला. पडद्यावर तो पोरगा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

प्रियंका बाहेर आली. बसली नाही. मायाप्पापुढं उभं राहून तिने सगळं सांगितलं, काही न लपवता, जसं कोर्टात सांगतात तसं. सांगून झाल्यावर कुणीतरी ओरडावं म्हणून वाट बघत राहिली.

"दिदी, असं बोलावणं रोज येत नसतं," अमृत म्हणाला. "तू नाही गेलीस तर दुसरी कोणतरी जाईल, आणि केस तेच साहेब लढतील. काकांचा काय फायदा झाला?"

"तू गप रं," नागव्वा म्हणाली. "पुण्यात बसून पिशवीतलं दूध पितोस तू."

"काकी, मी दिदीच्या भल्याचं—"

"तिचं भलं व्हय, आन आमचं? मेंढरं काय गच्चीवर चारू?"

जोतिराम सोफ्याच्या कडेला बसला होता. एकदा भावाकडे बघे, एकदा लेकीकडे.

मायाप्पाने गुडघ्यावरचा पटका उचलून बाजूला ठेवला. "आण," तो म्हणाला.

"काय, काका?"

"कुटं सही करायची ते. संमती म्हणलीस न्हवं? आण."

"अहो!" नागव्वा ओरडली.

"थांब जरा. दादा या पोरीपायी रात्रपाळ्या करत राहिला. वैनी अळणी खातीया. ही मोठ्या पाटीवर जायाची, आन मी आडवा पडू? मी मेंढरं जतकडं नेईन."

"जतकडं! तितं तुमचा सासरा चारा घेऊन बसलाय व्हय?"

"तुझाच बा हाय की त्यो."

एरवी सगळे हसले असते. नागव्वाच्या डोळ्यांत पाणी होतं. मायाप्पा मात्र प्रियंकाकडे बघून हसत होता, खराखुरा, काही मागे न ठेवता. "जा बाय. वैनीचा नवस फिटू दे. किती दिस खायाचं तिनं अळणी?"

आणि सगळ्यांनी केराबाईकडे बघितलं.

केराबाईचा आवाज या घरात कधी चढला नव्हता. आताही चढला नाही. "माझ्या नवसाचं नाव यात कुणी घेऊ नका," ती म्हणाली. "त्यो माझा आणि बिरोबाचा."

ती देव्हाऱ्यापुढं गेली. पुरणाचा एक गोळा नुसताच पानावर ठेवला, वर भंडारा टाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. देवाशी ती मनात बोलायची, असं मोठ्याने पहिल्यांदाच.

"बाबा, मी पाटी मागितली हुती. पोरीला न इचारता मागितली. ते मागणं मी परत घेते. दिलंस तरी तुझं, न्हाय दिलंस तरी तुझं. अळणी करीन, पण आता कशापायी न्हाय."

मग वळून लेकीला म्हणाली, "आता तुझ्यावर माझं काही न्हाय. जायचं तर जा, मी हसून धाडीन. न्हाय तर न्हाय."

प्रियंका खुर्चीवर बसली.

"मी निम्मा पिक्चर बघून हिला वकील केली," जोतिराम जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, संपला."

"अप्पा, मला तो कोट आवडला होता," प्रियंका म्हणाली. "अजून आवडतो. पाटी पण पाहिजे होती मला. अजून पाहिजे. हे काही तुमच्या पिक्चरमुळं नाही." तिने फोन उचलला. "काकांनी नाही म्हटलं असतं ना, तर गेले असते मी. भांडले असते, काकीला चार शब्द बोलले असते, आणि गेले असते. पण ते आण म्हणाले."

तिने तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला.

"नमस्कार सर. रविवारी त्रास देतीये... हो सर. नाही, संमती ते देत होते. मीच नाही घेतली... नाही सर, घरचा दबाव नाही, उलट... हो. समजलं. हो सर, कळतंय मला, पुन्हा विचारणार नाही तुम्ही... नमस्कार."

तिने फोन पुन्हा मांडीवर पालथा ठेवला. केराबाईने ते बघितलं. पोरीने काहीतरी खरंच गमावलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं.

"काय म्हणले?" जोतिरामने विचारलं.

"वाईट वाटलं म्हणाले. आणि म्हणाले, बुधवारी तुमच्या साक्षीदाराला मी सोडणार नाही."

"म्हंजे मला?" मायाप्पाने पटका परत गुडघ्यावर घेतला.

नैवेद्य झाला, पानं वाढली. नागव्वा पोळ्या लाटायला स्वतःहून पुढे आली होती. तव्याकडे बघतच ती जावेला म्हणाली, "अक्का, मग फिटला का न्हाय नवस?"

"फिटला."

"आन मीठ?"

"आज ऐतवार हाय की."

नागव्वाने तिच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि सगळ्यात फुगलेली पोळी उचलून तिच्या पानात टाकली.

बाहेर घास तोंडाशी नेता नेता मायाप्पा थांबला होता, कारण प्रियंकाने आपलं ताट बाजूला सारलं होतं आणि ती ताठ बसली होती. तिचा आवाज बदलला. केराबाईने तो आवाज याआधी ऐकला नव्हता. थंड होता, सभ्य होता, बुधवारच्या साहेबांचा होता.

"आपण म्हणता, ही वाट मेंढरांचीच आहे. कशावरून?"

"आमी जातो की तिथनं."

"जाता म्हणजे वाट तुमची झाली? मी तुमच्या घरासमोरून रोज जातो. घर माझं झालं?"

"आँ?" मायाप्पाने भावाकडे बघितलं.

"त्यांच्याकडे बघू नका. इकडं बघा. खोटं बोलताय तुम्ही."

"अगं, काकाला असं बोलतीस?" जोतिराम कळवळला.

"अप्पा, ते याहून वाईट बोलतील." ती मायाप्पाकडे वळली. "सांगा. कशावरून?"

मायाप्पाने तोंड उघडलं, मिटलं. नागव्वा स्वयंपाकघरातून ओरडली, "सांगा की, वाटेवरच्या मेंढरांच्या विहिरीचं सांगा!"

"साक्षीदाराला कुणी पढवायचं नाही," प्रियंका म्हणाली, आणि अमृत पहिल्यांदा मनापासून हसला.

बघता बघता मायाप्पाची मान खाली गेली. तेव्हा प्रियंकाचा चेहरा मऊ झाला. तिने पुढे होऊन काकाच्या पानात तुपाची धार सोडली. "असं गप्प बसायचं नाही, काका. बुधवारी मी तुमच्याशेजारी असणार, पण बोलायचं तुम्हालाच. जेवा. दोन घास खा."

त्याने दोन घास खाल्ले. तिने तेवढी वाट बघितली. मग पुन्हा ताठ बसली.

"परत," ती म्हणाली. "कशावरून?"